दीड गुंज दारू

अमेरिकेत चिरंजीवांकडे गेलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी चिरंजीवांनी शेजाऱ्यांची ओळख करून देताना सांगितलं, "बाबा, हे आजोबा रोज संध्याकाळी तळघरात दारू भरत बसतात. माप मात्र अगदी काटेकोर!"

"काटेकोर असो नाहीतर सैल असो," आमची ही मराठीत पुटपुटली, "रोज कशाला ती?"

दारू या शब्दानं मराठी माणसाचे फार घोटाळे केले आहेत. शेजारबुवा भरत होते ती पिस्तुलाची. हे गृहस्थ पंच्याहत्तरीचे, निर्व्यसनी, आणि कागदी लक्ष्यावर पिस्तूल मारण्याच्या छंदात बुडालेले. त्यांच्या ओहायोत कॅम्प पेरी म्हणून जागा आहे, तिथं १९०७ सालापासून नेमबाजीचे राष्ट्रीय सामने भरत आले आहेत. त्या पंथाचे हे वारकरी. एका हातात पिस्तूल धरून पन्नास यार्डांवरच्या, म्हणजे जवळजवळ ४६ मीटरवरच्या, काळ्या वर्तुळात भोक पाडायचं. एवढा सराव करायचा तर विकतची काडतुसं परवडत नाहीत. म्हणून वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरी आणून, त्यांत नवी दारू आणि नवी शिशाची गोळी बसवायची. आपल्याकडे असलं काही परवान्याशिवाय केलं तर १९५९ चा शस्त्र कायदा आपल्याला वेगळ्याच तळघरात बसवील. तिकडे स्वतःपुरतं केलेलं चालतं.

आता मुद्द्यावर येतो, कारण मला भांडायचं आहे.

या लक्ष्यवाल्या काडतुसांतली दारू फार थोडी असते. शेजारबुवांच्या .३८ च्या पुंगळीत, त्यांच्या पंथातला जुना नेम म्हणून, २.७ ग्रेन पडते. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. ७००० दाण्यांचा एक पौंड. माझ्या डोक्यात काही शिरेना, तेव्हा मी आपल्या हिशेबात उतरवलं. इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, आणि तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे २.७ ग्रेन ही दीड गुंजेलाही जराशी कमीच! सराफाकडे दीड गुंज सोनं मागितलं तर तो आधी चहा पाजतो आणि मग बाहेरचा रस्ता दाखवतो. इथं तेवढ्या दारूवर एका माणसाची इभ्रत अवलंबून.

आणि खरी अडचण या थोडकेपणातच आहे. मोठ्या बंदुकीच्या काडतुसात ४५ ग्रेन दारू असेल आणि एक दशांश ग्रेन इकडेतिकडे झाली, तर कुणाला पत्ता लागत नाही. २.७ मध्ये तोच दशांश शेकडा पावणेचार होतो. लाखाच्या व्यवहारात दहा रुपये सुटले तर कोणी विचारत नाही, पण भाजीवालीशी दहाच्या जुडीत दोन रुपयांवरून तंटा होतो, तो उगीच नव्हे.

या दशांशाच्या प्रश्नावर जगात दोन पंथ आहेत, आणि माझं भांडण दोघांशीही आहे.

पहिला पंथ अंदाजवाल्यांचा. "आमचा हात बसलेला आहे हो!" हे त्यांचं घोषवाक्य. दुसरा काट्यावाल्यांचा. आमचे चिरंजीव यांतले. त्यांचं म्हणणं, शेजारबुवांचं यंत्र मुळातच रानटी; प्रत्येक माप इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घेतलं पाहिजे.

हे यंत्र म्हणजे काय, तर वर दारूचं नळकांडं, खाली एक फिरकी, फिरकीत छोटासा खळगा. दांडा वर केला की खळगा भरतो, खाली केला की पुंगळीत रिकामा होतो. म्हणजे ते वजन करतच नाही, आपलं शेर-मापट्यासारखं भरून देतं. आणि मापट्यातल्या खुब्या कुठल्याही वाण्याला विचारा. हलकेच ओतलं तर ज्वारी कमी मावते, आपटून भरलं तर जास्त. दारूचंही तेच. दांडा एकदा धसमुसळेपणानं आणि एकदा अलगद ओढला, की मापं बदलली. नळकांडं काठोकाठ भरलेलं असताना जेवढं पडतं तेवढं ते तळाला गेल्यावर पडेलच असं नाही. म्हणून आत एक आडवा पत्रा बसवतात आणि पातळी फार उतरू देत नाहीत. टेबल हललं तरी दारू दबते. आणि खळगा जितका लहान तितका हा सगळा फरक मोठा.

मला स्वतः करून बघायचं होतं. पण पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्यानं दारूगोळ्याला हात लावणं तिथल्या कायद्यात बसत नाही. शेजारबुवांनी एक जुनं यंत्र आणि एक दांडीचा काटा घरी नेऊ दिला. त्यात मी बारीक रवा भरला! साधारण तीन ग्रेन पडेल असा खळगा बसवला आणि दहा मापं टाकली. सर्वांत हलकं २.४, सर्वांत जड ३.५. चिरंजीव विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघा! पण दहांची सरासरी बरोबर तीन आलीय हं."

या सरासरीवर माझा फार जुना राग आहे. एक हात चुलीत आणि एक हात बर्फात ठेवलेल्या माणसाची प्रकृतीही सरासरीनं ठणठणीतच असते. यंत्र बसवताना दहा मापं एकत्र तोलून दहानं भागणं शहाणपणाचं आहे, कारण त्यानं काट्याची बारीक चूक वाटली जाते. पण गोळी सरासरीनं सुटत नाही, एकेकटी सुटते. म्हणून त्यानंतर एकेक माप सुटं तोलून, त्यांच्यातला फरक बघावा लागतो.

शेजारबुवांनी माझा हात बघितला आणि एवढंच सांगितलं, "वर जाताना तेवढाच वेळ, खाली येताना तेवढाच जोर, टोकाला तेवढंच थांबणं. आणि पहिली आठ-दहा मापं परत नळकांड्यात." तास-दीड तास मी आमच्या स्वयंपाकघरात रवा दळत असल्यासारखा दांडा ओढत बसलो. शेवटची दहा मापं दोन दशांशांच्या आत आली. यंत्र तेच, रवाही तोच. सुधारला होता तो दांड्याला धरलेला प्राणी.

"एवढ्यासाठी यंत्र कशाला?" ही म्हणाली आणि तिनं काट्याच्या पारड्यात चिमूटभर मीठ टाकलं. ७.४ ग्रेन. पुन्हा टाकलं, ७.६. मी हट्टानं दहा चिमटी टाकायला लावल्या. एकही सातच्या खाली किंवा आठच्या वर गेली नाही. मग माझ्या चिमटी. पहिली ४, दुसरी ११, तिसरी मी जाहीर केली नाही.

म्हणजे अंदाजवाले जिंकले? मुळीच नाही! हिच्या त्या चिमटीत चाळीस वर्षांचा काटा दडलेला होता. रोज दोन वेळा चाळीस वर्षं ताटावरची माणसं त्या चिमटीचं वजन करत होती आणि भुवया उंचावून निकाल देत होती. ज्याचा अंदाज कधी कोणी तोललेलाच नाही, तो "हात बसलाय" म्हणतो तेव्हा हात बसलेला नसतो, झोपलेला असतो. माझं भांडण आहे ते या न तोललेल्या अंदाजाशी.

आणि काट्यावाल्यांशीही आहेच. त्याचं कारण शेजारबुवांच्या तळघरात भिंतीवर टांगलेलं होतं. एक जुनं रिव्हॉल्व्हर. सहा घरांचं चक्र वरच्या बाजूनं फाटलेलं, वरची पट्टी केळीच्या सालीसारखी उलटलेली. मी विचारलं, तसा त्यांचा हात कानामागच्या एका पांढऱ्या व्रणाकडे गेला. तरुणपणी ते प्रत्येक माप तोलूनच टाकत असत. एका संध्याकाळी फोन वाजला, उठून गेले, परत आले आणि जिथं सोडलं होतं असं वाटलं तिथून पुढे सुरू केलं. एका पुंगळीत दोनदा पडली. दोन्ही वेळा काट्यावर अचूक २.७.

या .३८ ची पुंगळी मोठी असते, कारण ती जुन्या काळ्या दारूच्या दिवसांसाठी बेतलेली. आत्ताची दारू तिच्या तळाशी एवढीशी बसते. दुप्पट झाली तरी आरामात मावते. सांडून ओरडत नाही. थोडक्या मापाचा खरा धोका तो. दशांश चुकला तर भोक वर्तुळाबाहेर जातं. दुबार पडलं तर डोळा जातो. आणि मुळीच पडली नाही, तर गोळी नळीत अडकून बसते आणि मागून येणारीची वाट बघते.

तेव्हापासून शेजारबुवांचा नियम असा. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात रिकाम्या पुंगळ्या पालथ्या ठेवायच्या. दारू पडली की उलथ्या. पन्नास झाल्या की विजेरी धरून प्रत्येकीच्या तोंडात डोकावून पातळी बघायची, मगच वर गोळी. मध्ये फोन वाजला तर वाजू द्यायचा.

मला हे सगळं जरा अती वाटलं. येत्या रविवारपर्यंतच वाटलं. रविवारी आमटी झाली. हिनं आपली ती जगप्रसिद्ध चिमूट, म्हणजे आमटीच्या मानानं मोठी, टाकली आणि अंगणात गेली. सूनबाईंना वाटलं, आई विसरल्या. त्यांनी पुस्तकात बघून, चमचा सपाट करून, ग्रॅमवर टाकलं. अंदाज अचूक, काटा अचूक, आणि आमटी अशी की शेजारबुवा, जे पाहुणे म्हणून आले होते, पहिल्या घोटाला नुसते कानामागे हात फिरवत बसले.

"डबल चार्ज," ते हलकेच म्हणाले. भाषांतराची गरज पडली नाही.

दोघींनी त्यावर काही वाद घातला नाही, हे मी कौतुकानं नमूद करतो. दुसऱ्या दिवसापासून मीठ पडलं की पातेल्यावर पळी आडवी ठेवायची असं ठरलं. पळी आडवी दिसली की मिठाच्या डब्याला हात नाही.

आम्ही पुण्याला परत आलो त्याला दोन वर्षं झाली. इथं स्वयंपाकघरात ही एकटीच असते, दुबार मीठ पडायला दुसरं माणूस नाही. तरी पळी आडवी असतेच. मी एकदा विचारलं, आता कशाला?

"अहो," ही म्हणाली, "आता विसरायला लागलेय मी. माझीच चिमूट दोनदा पडायची."

मी काही बोललो नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांची माझी डबी उघडली, सकाळचं घर रिकामं आहे की भरलेलं ते उजेडात धरून बघितलं, आणि मगच पाण्याचा पेला उचलला.