राजवाडा पाडला नाही, तोच चर्च झाला

संपादक महोदय,

रोममधील 'सांता क्रोचे इन जेरुसलेम्मे' हे चर्च म्हणजे 'अठराव्या शतकातील इमारत, बाकी सगळी दंतकथा' असा निष्कर्ष आपल्या रविवार पुरवणीतील लेखात काढला आहे. तो केवळ दर्शनी भाग पाहून काढलेला दिसतो.

एक, तो वक्राकार दर्शनी भाग पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या काळात ग्रेगोरिनी आणि पासालाक्वा यांनी उभारला, हे खरे. मात्र त्यामागच्या भिंती तिसऱ्या शतकातील सेसोरियन राजवाड्याच्या दालनाच्या आहेत. बाराव्या शतकात आत खांब घालून त्याच दालनाचे तीन भाग केले गेले.

दोन, 'ख्रिस्ती लोकांनी जुने मंदिर बळकावले' हे विधान चूक आहे. तिथे मंदिर नव्हते, राजघराण्याचा वाडा होता. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिचे तिथे वास्तव्य होते. घरच्याच दालनाचे प्रार्थनास्थळ झाले. यात हिसकावण्याचा प्रश्नच येत नाही.

तीन, येशूच्या क्रुसावरचा म्हणून तिथे जपलेल्या फलकाचे कार्बन पद्धतीने काढलेले वय इ.स. ९८० ते ११४६ या दरम्यानचे आहे. लेखकाचा एवढा मुद्दा मान्य. परंतु फलकाच्या वयावरून भिंतींचे वय ठरत नाही.

राजवाड्याचे दालन सतराशे वर्षे वापरात राहिले, हाच या वास्तूचा खरा इतिहास आहे. तो वगळून वाचकांपुढे अर्धीच वास्तू ठेवू नये. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे.
एक वाचक, पुणे