‘नव्वद टक्के काम पूर्ण’ या समाधानाची किंमत

संगणक प्रणाली उभारण्याच्या व्यवसायात ‘काम नव्वद टक्के पूर्ण झाले आहे’ या वाक्याइतके फसवे वाक्य दुसरे नसेल. उरलेल्या दहा टक्क्यांना पहिल्या नव्वद टक्क्यांइतकाच वेळ लागतो, हा या क्षेत्रातला जुना विनोद आहे. खासगी कंपनीत या विनोदाची किंमत भागधारक मोजतात. सरकारी प्रणालीच्या बाबतीत ती करदात्यांच्या खिशातून जाते. म्हणूनच सॉफ्टवेअरचे काम कसे आखावे आणि ‘पूर्ण’ कशाला म्हणावे, हा प्रश्न केवळ अभियंत्यांपुरता मर्यादित राहत नाही. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या ‘एफबीआय’ या तपास यंत्रणेने घालून दिले आहे.

दोन प्रयत्न, एकच चूक

गुन्ह्यांच्या तपासाची कागदी प्रकरणे संगणकावर आणण्यासाठी ‘एफबीआय’ने २००१ मध्ये ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही प्रणाली हाती घेतली. गरजांची यादीच आठशेहून अधिक पानांची होती. सारे आधी कागदावर ठरवायचे, मग बांधायचे आणि शेवटी तपासायचे, अशी ही रीत. आज्ञावलीच्या सुमारे सात लाख ओळी लिहिल्या गेल्या. पण हाती आलेली प्रणाली वापरण्याजोगी नव्हती. २००५ मध्ये हा प्रकल्प गुंडाळण्यात आला, तेव्हा सुमारे १७ कोटी डॉलर खर्ची पडले होते.

त्यानंतर २००६ मध्ये ‘सेंटिनल’ नावाने नवा प्रकल्प सुरू झाला आणि लॉकहीड मार्टिन कंपनीला कंत्राट मिळाले. या वेळी सावधगिरी म्हणून काम चार टप्प्यांत विभागले गेले. मात्र टप्पेही एवढे मोठे होते की, एखादा टप्पा खरोखर पूर्ण झाला आहे की नाही, हे तो संपेपर्यंत कळण्यास मार्ग नव्हता. दुसऱ्या टप्प्यातील उणिवा उघड झाल्यावर मार्च २०१० मध्ये कामाचा काही भाग थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालानुसार ऑगस्ट २०१० पर्यंत ४५.१ कोटी डॉलरच्या तरतुदीपैकी सुमारे ४०.५ कोटी खर्च झाले होते आणि चारपैकी दोनच टप्पे पदरात पडले होते. जुन्याच मार्गाने पुढे गेल्यास आणखी किमान ३५.१ कोटी डॉलर व सहा वर्षे लागतील, असा त्रयस्थ संस्थेचा अंदाज होता.

या वळणावर ‘एफबीआय’ने कामाची सूत्रे स्वतःकडे घेतली. उरलेल्या कामाची सुमारे ६७० लहान कामांत फोड करण्यात आली. या व्यवसायात त्यांना ‘युजर स्टोरी’ म्हणतात. म्हणजे वापरणाऱ्याला कोणती एक गोष्ट करता आली पाहिजे, याचे एक-दोन वाक्यांतले वर्णन. दर दोन आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’मध्ये यांतील काही कामे घ्यायची आणि अखेरीस संबंधितांसमोर प्रत्यक्ष चालवून दाखवायची. जे काम चाचणीत उतरले तेच पूर्ण. अर्धवट कामाला शून्य गुण. मनुष्यबळही मोठ्या प्रमाणात घटवण्यात आले. सप्टेंबर २०११ ची नियोजित मुदत पाळता आली नाही. परंतु १ जुलै २०१२ रोजी ‘सेंटिनल’ कार्यान्वित झाली, आणि तीही मूळ ४५.१ कोटींच्या मर्यादेत.

चाचणी आधी, आज्ञावली नंतर

लहान कामे आखण्याची ही कल्पना ‘एफबीआय’ची नव्हे. डेट्रॉइट परिसरातील क्रायस्लर कंपनीच्या वेतन प्रणालीवर १९९६ पासून काम करताना केंट बेक यांनी ती आकाराला आणली. त्यांचे ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’वरील पुस्तक १९९९ मध्ये आले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात जमलेल्या सतरा जाणकारांनी ‘अजाइल’ जाहीरनामा प्रसिद्ध केला. तत्पूर्वी १९७० मध्येच विन्स्टन रॉइस यांनी, चाचणी अगदी शेवटी ठेवणारी आखणी जोखमीची ठरते, असा इशारा दिला होता. त्यांच्या निबंधातील आकृती सर्वांनी उचलली. इशारा मात्र मागे राहिला.

बेक यांच्या पद्धतीचा गाभा म्हणजे ‘टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट’. येथे क्रम उलटा असतो. एखादी सुविधा लिहिण्यापूर्वी तिची चाचणी लिहायची. सुविधाच अस्तित्वात नसल्याने ती चाचणी प्रथम अपयशी ठरते. मग ती उत्तीर्ण होण्यापुरतीच आज्ञावली लिहायची आणि त्यानंतर तिची मांडणी नीटस करायची. प्रत्येक फेरी काही मिनिटांची असते. या चाचण्या पुढे कायम राहतात आणि कोणताही बदल झाला की, आपोआप पुन्हा चालवल्या जातात. परिणामी आजच्या दुरुस्तीने मागील महिन्यातील काम बिघडवले, तर ते त्याच दिवशी उघडकीस येते.

आपल्याकडचा धडा

याचे महत्त्व भारतीय करदात्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. इन्फोसिसने उभारलेले प्राप्तिकर विभागाचे नवे ई-फायलिंग पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झाले आणि पहिल्या दिवसापासून तक्रारींचा पाऊस पडला. २३ ऑगस्ट रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी सलिल पारेख यांना पाचारण केले आणि त्रुटी दूर करण्यासाठी १५ सप्टेंबरची मुदत देण्यात आली.

त्यातील एक त्रुटी या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. करोनाच्या पार्श्वभूमीवर त्या वर्षी वैयक्तिक विवरणपत्रांची मुदत ३१ जुलैवरून ३० सप्टेंबरपर्यंत वाढवण्यात आली होती. तरीही जुलै संपताच काही करदात्यांच्या विवरणपत्रांत विलंब शुल्क व व्याज चुकीने धरले गेले. १ ऑगस्ट रोजी सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केल्याचे आणि चुकीने भरलेली रक्कम परत देण्याचे विभागाने ११ ऑगस्ट रोजी जाहीर केले.

हाच नियम चाचणीच्या रूपाने मांडून पाहावा: ‘अंतिम मुदत ३० सप्टेंबर असताना १ ऑगस्टला विवरणपत्र भरल्यास विलंब शुल्क शून्य.’ एका ओळीत मावणारे हे विधान आहे. ते संगणकाला तपासता येते, तसेच कर सहायक, सनदी लेखापाल आणि सामान्य वाचक यांनाही समजते. लहान कामाची खरी कसोटी हीच: त्याची चाचणी सोप्या वाक्यात सांगता आली पाहिजे. ‘विवरणपत्र विभाग विकसित करणे’ या कामाला अशी चाचणी देता येत नाही. म्हणूनच ते महिनोन्महिने ‘नव्वद टक्के पूर्ण’ राहू शकते. पुढे ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. नियम वारंवार बदलतात अशा प्रशासनात तर चाचण्यांचा हा संच अधिकच मोलाचा ठरतो.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

ही पद्धत म्हणजे जादूची कांडी नव्हे. ज्या क्रायस्लर प्रकल्पात ती घडली, तोच २००० मध्ये बंद करण्यात आला. ‘सेंटिनल’च्या ऑक्टोबर २०११ मधील मोठ्या सरावात प्रणाली मध्येच बंद पडली, कारण एवढा भार पेलण्याची यंत्रसामग्रीची क्षमता नव्हती. सुट्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या तरी हजारो लोक एकाच वेळी आल्यावर काय होईल, हे वेगळे तपासावे लागते. प्रणाली सुरू झाल्यानंतरही तिच्यातील शोधसुविधेबाबत वापरकर्त्यांच्या तक्रारी महानिरीक्षकांनी २०१४ मध्ये नोंदवल्या. शिवाय चाचणी लिहिणाऱ्याचाच नियमाबाबत गैरसमज असेल, तर चाचणी आणि आज्ञावली दोन्ही एकमताने चुकतात.

आणखी एक धोका माणसांशी निगडित आहे. हिंजवडीतील कोणत्याही अभियंत्याला ‘स्प्रिंट’ आणि ‘डेली स्टँडअप’ हे शब्द नवे नाहीत. परंतु कामाचे तुकडे करायचे, रोज त्यांचा जाब विचारायचा आणि चाचणीसाठी लागणारा वेळ मात्र कापायचा, असे झाले की, पद्धतीचे नाव उरते आणि तिचा आत्मा हरवतो. अशा वेळी लहान कामे ही प्रामाणिक हिशेबाऐवजी पाळत ठेवण्याचे साधन बनतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता काही क्षणांत आज्ञावली लिहून देऊ लागली आहेत. लिहिणे स्वस्त झाले की, लिहिलेले बरोबर आहे काय, हे ठरवणाऱ्या चाचणीचे मोल वाढते.

वाईट बातमी लवकर कळावी

‘सेंटिनल’च्या अनुभवाचा खरा अर्थ असा की, लहान कामांमुळे वाईट बातमी लवकर कळते. दोन आठवड्यांचे काम फसले तर नुकसान दोन आठवड्यांचे. चार वर्षांचा टप्पा फसला तर मार्ग बदलण्याची वेळ आणि पैसा दोन्ही संपलेले असतात. मात्र ही बातमी ऐकण्याची तयारी काम देणाऱ्याकडेही हवी. उद्घाटनाची तारीख आधी आणि चाचणी नंतर, हा क्रम कायम राहिला तर कोणतीही पद्धत तोकडीच पडेल.

यापुढे एखादी सार्वजनिक प्रणाली ‘अंतिम टप्प्यात’ असल्याचे सांगितले जाईल, तेव्हा लोकप्रतिनिधींनी आणि नागरिकांनी साधे प्रश्न विचारावेत. एकूण किती कामे ठरली होती? त्यांपैकी किती चाचणीत उत्तीर्ण झाली? आणि ती वापरणाऱ्यांनी स्वतः चालवून पाहिली काय? देयकेही टक्केवारीच्या दाव्यांऐवजी या उत्तरांच्या आधारे अदा व्हावीत. ही उत्तरे मिळत नसतील, तर नव्वद टक्क्यांच्या दाव्यावर विसंबण्याचे कारण नाही.