सुईचा बाजार

चाळिशी ओलांडली की एक प्रश्न हमखास कानावर येऊ लागतो. ‘बरे नाही का? चेहरा उतरलेला दिसतो.’ विचारणारा काळजीपोटी विचारतो. ज्याला विचारले तो ठणठणीत असतो, रात्री नीट झोपलेला असतो. तरी आरशात पाहिले की गाल बसलेले, डोळ्यांखाली खड्डा, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेली घडी आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना ओघळलेली जबड्याची रेघ दिसते. यावर उपचार आहेत, त्यांतले काही खरोखर चांगले आहेत आणि ते करून घ्यावेसे वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. दात सरळ करून घेणाऱ्याला किंवा केस रंगवणाऱ्याला आपण नावे ठेवत नाही, मग यालाच का ठेवावीत?

मात्र फेशियल, ब्लीच आणि वॅक्सिंगच्या दरपत्रकात जेव्हा ‘फिलर’ हा शब्दही येऊन बसतो, तेव्हा थांबून विचार करायला हवा. फेशियल त्वचेवर होते. फिलर त्वचेच्या आत, रक्तवाहिन्यांच्या शेजारी जाते. त्या रक्तवाहिन्यांपैकी काही डोळ्याशी जोडलेल्या असतात. म्हणून हा प्रश्न सौंदर्याच्या आधी वैद्यकाचा आहे, आणि आपल्याकडे त्याकडे तसे पाहिले जात नाही.

चेहरा उतरतो म्हणजे नेमके काय होते? फार काळ समज असा होता की त्वचा सैल पडते आणि गुरुत्वाकर्षणाने खाली येते. मग ती ताणून शिवली की काम झाले. गेल्या काही दशकांतील संशोधनाने हे चित्र बदलले. अमेरिकेत टेक्सासमधील रॉड रोरिक आणि जोएल पेसा या शल्यविशारदांनी मृतदेहांच्या चेहऱ्यात रंगद्रव्य टोचून पाहिले आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडला. चेहऱ्याची चरबी हा एकसंध थर नसतो. संत्र्याच्या फोडींसारखे तिचे वेगवेगळे कप्पे असतात आणि त्यांच्यामध्ये पडदे असतात. हे कप्पे एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. गालाच्या खोल भागातील कप्पे आधी आक्रसतात, त्यांचा आधार गेला की वरचे कप्पे घसरतात. उशीतला कापूस कमी झाला की अभ्रा सुरकुततो, तसा हा प्रकार आहे.

त्याच्याही खाली हाड आहे. मोठेपणी हाड बदलत नाही असे आपण धरून चालतो. पण रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी १२० स्त्री-पुरुषांचे सीटी स्कॅन तपासून २०११ मध्ये दाखवले की वयाबरोबर डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, वरचा जबडा मागे सरतो आणि खालच्या जबड्याचा कोन पसरट होतो. तंबूचे खांबच आखूड झाले तर कापड ओघळणारच. वर त्वचेची स्वतःची झीज असते ती वेगळीच. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलेजन सुमारे ३० टक्क्यांनी घटते. पन्नाशीच्या आसपास ‘एकदम वय दिसायला लागले’ असे अनेकींना वाटते, त्यामागे हे एक ठोस कारण आहे.

हाड, चरबी, त्यांना बांधून ठेवणारे तंतू आणि त्वचा असे चार थर बदलत असतील, तर एकाच उपायाने सगळे परत येईल ही अपेक्षा चुकीची ठरते. कुठला थर किती गेला आहे हे आधी पाहावे लागते. हे पाहणे म्हणजेच निदान, आणि निदान हे डॉक्टरचे काम आहे.

निदानात आणखी एक गोष्ट येते. प्रत्येक बसलेला गाल वयाने बसलेला नसतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मिश्री लावणाऱ्या स्त्रिया आजही आहेत. तंबाखूने हिरड्या खराब होतात, दात हलतात, पडतात. दात गेला की त्याला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते, ओठ आत ओढले जातात, हनुवटी नाकाकडे सरकते. ‘तोंडाचे बोळके’ हा आपला शब्द हेच सांगतो. अशा चेहऱ्यात महागडे फिलर भरण्यापेक्षा नीट बसणारी कवळी लावली तर चेहरा भरतो आणि भाकरीही चावता येते.

झपाट्याने वजन घटले तरी चेहऱ्याची चरबी जाते. मधुमेह आणि लठ्ठपणावरची नवी इंजेक्शने आता भारतातही मिळतात. टिरझेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये इथल्या बाजारात आले. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण वजन उतरताना गालही उतरतात, याची कल्पना रुग्णाला आधी द्यायला हवी. वजन स्थिर होण्यापूर्वी चेहरा भरून घेणे म्हणजे पाया खचत असताना भिंतीला रंग देणे. प्रयत्न न करता वजन घटत असेल तर सौंदर्यतज्ज्ञाआधी फिजिशियन गाठावा. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह आणि कर्करोग ही कारणे आधी तपासायची असतात. तोंडाची एक बाजू अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत लोंबू लागली, तर ते वय नव्हे. तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचे.

आता उपचारांकडे वळू. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे उन्हापासून बचाव. ऑस्ट्रेलियातील नंबूर गावात ५५ वर्षांखालील ९०३ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत साडेचार वर्षांत वार्धक्याची मोजता येण्याजोगी वाढ आढळली नाही. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचे थोडे कवच असते, त्यामुळे आपल्याकडे बारीक सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात, पण डाग आणि काळसरपणा लवकर येतो. ट्रेटिनॉइनसारखे मलम डॉक्टरच्या सल्ल्याने लावले तर त्वचेचा पोत सुधारतो. मात्र कोणतेही मलम खोलवर गेलेली चरबी परत आणत नाही. ‘लावा आणि गाल वर उचला’ असे सांगणारी डबी दिसली तर पैसे वाचवावेत.

ध्वनिलहरी किंवा रेडिओलहरींनी त्वचा आतून तापवणारी यंत्रे थोडा घट्टपणा देतात. तो थोडाच असतो आणि ज्यांची त्वचा अजून फारशी सुटलेली नाही त्यांनाच दिसतो. लेझरचा उपयोग आहे, पण आपल्या वर्णाच्या त्वचेवर तो चुकीच्या मात्रेत वापरला तर भाजल्याजागी काळे डाग राहतात. धागे घालून गाल वर ओढण्याचा परिणाम सहसा महिन्यांत मोजावा लागतो. खूप सैल पडलेल्या चेहऱ्याला आजही शस्त्रक्रियाच उत्तर आहे. फ्रान्समधील मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ मध्ये त्वचेखालच्या स्नायू-आवरणाचा थर दाखवून दिला. तेव्हापासून फेसलिफ्ट म्हणजे नुसती कातडी ताणणे राहिले नाही. आतला थर उचलला जातो आणि त्यामुळे चेहरा ताणलेल्या ढोलासारखा दिसत नाही.

या सगळ्यांत लोकप्रिय झाले ते फिलर, कारण त्याला दवाखान्यात राहावे लागत नाही. बहुतेक फिलर हायल्युरोनिक आम्लाचे असतात. हा पदार्थ कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. तो आपल्या त्वचेतही असतो आणि पाणी धरून ठेवतो. त्याचे रेणू एकमेकांत गुंफून घट्ट जेल बनवले की ते सहा महिने ते दीड वर्ष टिकते, कधी त्याहूनही जास्त. एका सिरिंजमध्ये साधारण एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग जेल असते. योग्य जागी ते पुरेसे काम करते. ओघळलेला जबडा वर ओढण्यासाठी गालात सिरिंजमागून सिरिंज रिकामी केली की मात्र चेहरा तरुण दिसत नाही, सुजल्यासारखा दिसतो. भरण्याने पोकळी भरते. सुटलेली कातडी त्याने उचलली जात नाही.

हे सारे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणणाऱ्यांनी एक इतिहास आठवावा. एचआयव्हीवरील स्टॅव्ह्युडिन या स्वस्त औषधाने भारतासह जगभर अनेकांचे प्राण वाचवले, पण त्याने गालांची चरबी वितळत असे. खपाटीला लागलेले गाल पाहून शेजारी आणि सहकारी आजार ओळखतील, ही भीती रुग्णांच्या मनात असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या फिलरला अमेरिकेत २००४ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती याच रुग्णांसाठी. चेहरा भरणे हे कुणासाठी पुन्हा कामावर जाता येणेही असते.

म्हणूनच धोक्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. चेहऱ्यात काहीतरी टोचून भरण्याची हौस जुनी आहे. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनी यांनी १८९९ च्या सुमारास पॅराफिन टोचायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत गाठी, जखमा आणि विद्रूप चेहऱ्यांची रांग लागली. आजचे जेल त्याहून कितीतरी सुरक्षित आहे. परंतु नाक, कपाळ आणि गाल यांच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या आहेत. सुईचे टोक चुकून धमनीत गेले आणि जोराने दाब पडला, तर जेल उलट्या दिशेने सरकून डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचते. तिथला रक्तपुरवठा तुटला तर साधारण दीड तासात नुकसान कायमचे होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा दृष्टी गेलेल्या ९८ रुग्णांच्या नोंदी जगभरच्या वैद्यकीय साहित्यातून गोळा केल्या होत्या. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना स्वतःचीच चरबी टोचली होती. पुढच्या काही वर्षांत आणखी ४८ नोंदी मिळाल्या, त्यांत बहुतांश हायल्युरोनिक आम्लाचे फिलर होते. जगात दरवर्षी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांच्या मानाने ही संख्या अगदी लहान आहे. पण ज्याचा डोळा गेला त्याला टक्केवारीने दिलासा मिळत नाही.

हायल्युरोनिक आम्लाच्या फिलरला उतारा आहे. हायल्युरोनिडेज नावाचे विकर ते जेल विरघळवते. टोचल्यावर कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर झाली, तीव्र वेदना झाल्या, तर ते तत्काळ द्यावे लागते. त्याने त्वचा बऱ्याचदा वाचते. डोळ्याच्या बाबतीत तेवढी खात्री नाही, म्हणून घाई आणखी जास्त. ज्या खोलीत हे औषध नाही आणि ते कधी द्यायचे हे ओळखणारा डॉक्टर नाही, तिथे सुई उचलणेच गैर आहे. सुईविना दाबाने फिलर आत सोडणारी पेनेही बाजारात आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता.

आपल्याकडे दोष कायदा नसल्याचा नाही, तो तुकड्यांत असल्याचा आहे. फिलर हे वैद्यकीय उपकरण म्हणून, तर बोट्युलिनम हे औषध म्हणून नियंत्रणाखाली येते. ते अन्न व औषध प्रशासनाचे क्षेत्र. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. पार्लर मात्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली येते आणि २०१७ च्या या कायद्यानुसार कामगार थोडे असले तर नुसती सूचना देऊन व्यवसाय सुरू करता येतो. पार्लरच्या आतल्या खोलीत सुई कुणाच्या हातात आहे, हे पाहणे नेमके कुणाचे काम? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे बजावले. पण आयोगाचा धाक नोंदणीकृत डॉक्टरांना. जो डॉक्टरच नाही त्याला त्याचे काय?

इंग्लंडही याच चुकीतून गेला. तिथल्या आरोग्यसेवेचे वैद्यकीय संचालक ब्रूस कीओ यांनी २०१३ च्या अहवालात फिलरच्या मोकाट बाजाराबद्दल कडक शब्दांत इशारा दिला. १८ वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी फिलर देण्यावर बंदी येण्यास मात्र ऑक्टोबर २०२१ उजाडला. आपण तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. राज्य सरकारने एक साधी गोष्ट करावी. त्वचेखाली काहीही टोचण्याचे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे, ते नोंदणीकृत दवाखान्यातच व्हावे, आणि त्याची तपासणी एकाच यंत्रणेकडे सोपवावी. फिलर विकणाऱ्या वितरकाने माल कुणाला दिला याची नोंद ठेवली, तर निम्मा गैरप्रकार पुरवठ्यातच अडेल.

तोवर ग्राहकाने चार प्रश्न विचारायला संकोच करू नये. टोचणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? कुठले फिलर, आणि त्याचे सीलबंद खोके माझ्यासमोर उघडणार का? हायल्युरोनिडेज इथे आत्ता आहे का? रात्री दुखायला लागले तर फोन कोण उचलेल? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडून उठून यावे. ‘आजच केलेत तर सवलत’ असे सांगणाऱ्याकडूनही उठावे. गाल बसायला दहा वर्षे लागली आहेत, आणखी आठवडाभर विचार केला तर काही बिघडत नाही. घाईत टोचून घेतलेल्या सुईने मात्र जन्माचे बिघडू शकते.