विश्लेषण : सर्वांत कमी दराची निविदा स्वस्तच असते का?

पावसाळा आला की कच्चे पाणी गढूळ होते आणि पेण, रोहासारख्या नगर परिषदांना तुरटी व ब्लीचिंग पावडरची गरज वाढते. ही खरेदी नळाच्या पाण्याशी, म्हणजे थेट नागरिकांच्या आरोग्याशी जोडलेली आहे. ती कशी होते आणि कुठे फसू शकते?

खरेदीची प्रक्रिया काय?
विभागाची मागणी, अंदाजपत्रकातील तरतूद, मंजुरी, निविदा, कार्यादेश, माल तपासून साठा नोंदवहीत नोंद आणि शेवटी देयक, असा हा क्रम. राज्याच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी शासकीय खरेदीची एकत्रित नियमपुस्तिका जारी केली. ठरावीक रकमेपुढील खरेदीला ई-निविदा लागते. ती टाळण्यासाठी एकाच खरेदीचे तुकडे पाडता येत नाहीत.

दोन लिफाफे कशासाठी?
पहिल्या लिफाफ्यात पुरवठादाराची पात्रता आणि मालाचा दर्जा तपासला जातो. त्यात उत्तीर्ण झालेल्यांचाच दराचा लिफाफा उघडतो. त्यामुळे ‘सर्वांत कमी दर’ ही कसोटी दुसरी आहे, पहिली नव्हे.

मग नुकसान कुठे होते?
ब्लीचिंग पावडरचे मोल तिच्यातील क्लोरीनवर ठरते आणि कोकणच्या दमट हवेत ते झपाट्याने घटते. समजा, ३३ टक्के क्लोरीनऐवजी २२ टक्क्यांची पावडर आली. तर १०० किलोच्या कामाला १५० किलो लागेल. दर २५ टक्के कमी असला तरी खर्च साडेबारा टक्क्यांनी जास्त. हे लक्षात न घेता मात्रा तीच ठेवली, तर पाणी अपुरे शुद्ध होते.

लहान पुरवठादारांचे काय?
सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. देयके रखडली की स्थानिक व्यापारी निविदेकडे पाठ फिरवतात, स्पर्धा घटते आणि दर चढतात.

उपाय काय?
निविदा उन्हाळ्यातच काढणे, एकदम मोठा साठा न करता टप्प्याटप्प्याने माल घेणे, प्रत्येक खेपेची क्लोरीन चाचणी करूनच देयक देणे आणि तो अहवाल जाहीर करणे. नियम कागदावर पुरेसे आहेत. गोण गोदामात उतरते तेव्हा ती तपासली जाते का, हा खरा प्रश्न आहे.