डग्ग्याचे पैसे कोण देणार?

तबलजीला कुणी असं सांगताना ऐकलंय का, की बाबा रे, तबला चांगला शिसवाचा घे, डग्गा काय, उरल्यासुरल्या पैशात भागव? नाही ना? मग नवा बँड काढणारी पोरं बेसच्या बाबतीत नेमकं हेच का करतात, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

निमित्त आमच्या भाचेबुवांचं. कॉलेजातल्या चौघांनी बँड काढलाय. भाच्याला गिटार आणि तिचा अ‍ॅम्प घरून मिळाला (ताई, वाचते आहेस ना?). ड्रम्स एकाकडे आधीच होते. गाणारीसाठी माइक वर्गणीतून आला. राहिला चौथा. त्याच्या खिशात सगळ्यांत कमी पैसे, म्हणून त्याला सांगण्यात आलं, "तू बेस घे. चारच तर तारा असतात, स्वस्तात होईल. अ‍ॅम्प नको घेऊस, माझ्याच अ‍ॅम्पला लाव." आणि मला प्रश्न काय, तर "मामा, स्वस्तात स्वस्त बेस कुठला?"

प्रश्नच चुकीचा आहे! बेस स्वस्त चालेल. स्वस्त अ‍ॅम्प चालणार नाही. आणि तो अ‍ॅम्प त्या एकट्याने का घ्यायचा, हा खरा प्रश्न.

आधी चार तारांचं बघू. गिटारची सगळ्यांत जाड तार सेकंदाला साधारण 82 वेळा कंप पावते, बेसची 41 वेळा. म्हणजे खाली एक अख्खं सप्तक. इतक्या खर्जातला सूर खोलीभर ऐकू यायचा तर स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते. शिवाय आपला कान खालच्या सुरांना जरा बहिराच. त्यामुळे ज्या वॉटमध्ये गिटार कान फाडते, त्या वॉटमध्ये बेस नुसता गुरगुरतो. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल. 15 वॉटचा डबा घरी सरावाला ठीक, पण शेजारी ड्रम्स सुरू झाले की तो संपलाच. ड्रम्सबरोबर वाजवायचं तर 100 वॉटच्या आसपासचा, 12 किंवा 15 इंची स्पीकरचा बेस कॉम्बो लागतो. ही चैन नव्हे, ही किमान गरज.

"माझ्याच अ‍ॅम्पला लाव" हे औदार्य तर विचारूच नका. गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर एवढ्या खालच्या सुरांसाठी बनवलेलाच नसतो. हळू आवाजात चालून जातं. ड्रम्सला गाठायला आवाज वाढवलात की आधी फडफड, मग एक दिवस कागद फाटणार. आणि बोल कुणाला? बेसवाल्याला!

आता स्वस्त बेस का चालतो? 1961 साली हॅम्बुर्गमध्ये बीटल्सच्या बेसवाल्याने, स्टुअर्ट सटक्लिफने, बँड सोडला. बेस कुणालाच नको होता, तो आला पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात. फेंडर होता सुमारे 100 पौंडांचा, म्हणून पॉलने जर्मन हॉफनर घेतला सुमारे 30 पौंडांचा. पण लिव्हरपूलला परतल्यावर ड्रम्सपुढे टिकायला काय घेतलं? एड्रियन बार्बर नावाच्या तिथल्याच एका गिटारवाल्याने बांधलेला, 15 इंची स्पीकरचा दांडगा खोका. पोरं त्याला शवपेटी म्हणत! बेस हलका आणि स्पीकर पहिलवान, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे. (तो हॉफनर 1972 साली चोरीला गेला आणि परत मिळाल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. स्वस्त वस्तू टिकत नाही म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती.)

तेव्हा भाचेबुवा, लिहून घ्या. स्क्वायर, यामाहा, आयबानेझ, कोर्ट, कुणाचाही सुरुवातीचा बेस बघा. जुना मिळाला तर उत्तमच. पॅसिव्ह घ्या; अ‍ॅक्टिव्हला बॅटरी लागते आणि वायर खोचून ठेवली की ती गुपचूप संपते. हात लहान असेल तर नेहमीच्या 34 इंचांऐवजी 30 इंची शॉर्ट स्केल बघा. दुकानात बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून वाजवा, मग दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. मान एका डोळ्याने बंदुकीसारखी न्याहाळा, पिळवटलेली असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. बटणं फिरवून खरखर ऐका. आणि थोडे पैसे सेटअपला ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड हलतं, तारा उचलल्या जातात आणि पोराला वाटतं आपली बोटंच कमजोर आहेत.

अ‍ॅम्प मात्र वर्गणीतून. माइक बँडचा होऊ शकतो, तर अ‍ॅम्प का नाही? "उद्या त्याने बँड सोडला तर?" अरे, म्हणूनच तर! तो गेला तरी अ‍ॅम्प तुमच्याकडेच राहील, पुढचा येईल तो वाजवेल. "जॅमरूममध्ये अ‍ॅम्प असतोच की." असतो, तासाच्या भाड्यात. सराव कायम तिथेच करणार असाल तर माझी हरकत नाही. मग ते भाडं चौघांत वाटा. "कार्यक्रमात बेस थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जातो." जातो ना. पण वर्षातले कार्यक्रम किती आणि सराव किती? डीआय आउटपुट असलेला अ‍ॅम्प घ्या, दोन्हीकडे चालेल.

मला खटकतं ते वेगळंच. ज्याच्याकडे पैसे कमी त्याला बेस द्यायचा, मग दुसऱ्याच्या अ‍ॅम्पमधून ऐकू न येणारा बेस वाजवायला लावायचा, आणि सहा महिन्यांनी म्हणायचं, "त्याच्यात काही दम नाही रे." दम त्याच्यात नाही की तुमच्या वर्गणीत? ज्याला स्वतःचा सूरच ऐकू येत नाही, तो सुधारणार कसा? अशी पोरं भांडत नाहीत, फक्त सरावाला यायची बंद होतात. आणि मग बाकीच्यांना कळतं, की ताल आणि सूर यांना बांधून ठेवणारा तोच होता.

असो. ताई आणि भावजी, पुढच्या वाढदिवसाला भाच्याला नवीन इफेक्ट पेडल देणार आहात असं कानावर आलंय. ते पैसे बेसच्या अ‍ॅम्पच्या वर्गणीत घाला. माझा वाटा मी आजच पाठवतोय.