जाहीर आवाहन : पंप पाणी धरत नसेल, तर विहिरीत उतरू नका

कोकणातल्या सर्व विहीरमालक बंधू-भगिनींनो,

एप्रिल लागला की विहिरी खाली जातात आणि वाडीवाडीत एकच तक्रार सुरू होते : मोटर फिरते, पण पंप पाणी धरत नाही. मग घरातला एखादा तरणा मुलगा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, बघायला दोर धरून खाली उतरतो. हात जोडून विनंती आहे, त्याला उतरू देऊ नका. जुन्या, अरुंद किंवा झाकून ठेवलेल्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, आणि ते नाकाला कळत नाही. उतरलेला माणूस शुद्ध हरपून पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, आणि एका घरातली दोन माणसं जातात. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. कंदील विझला तर धोका नक्कीच आहे. पण तो पेटता राहिला म्हणून विहीर निर्धोक ठरत नाही. काही विषारी वायू ज्योत न विझवताच माणसाचा जीव घेतात. डिझेलचं किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवून तर कधीच चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आतच साठून राहतो.

खाली उतरायची गरजही बहुतेक वेळा नसते. दोष वरूनच सापडतो.

आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, म्हणजे घरातून कुणी चुकून बटण दाबणार नाही. पंपावरचं बूच काढून सावकाश पाणी ओता. बुडबुडे थांबून पाणी काठोकाठ आलं की हात आवरा आणि पाच मिनिटं नुसतं बघत राहा. पाणी खाली उतरू लागलं, तर फूटव्हॉल्व्ह गळतोय किंवा खालच्या पाइपला चीर गेली आहे. झडपेत एखादं कुजलेलं पान किंवा गाळ अडकला, तरी एवढं पुरतं. पाणी जागचं हललं नाही आणि तरीही पंप उचलत नसेल, तर हवा वरूनच शिरते आहे : सक्शनचे सांधे, ग्लँड, बुचाखालचा वॉशर. संशय असलेल्या सांध्यावर ग्रीस थापून पुन्हा भरून बघा. पाणी धरलं, तर जागा सापडली. सांधा उघडून टेफ्लॉन टेप लावून घट्ट करा.

गळका फूटव्हॉल्व्ह बसावा म्हणून पाइपात शेणकाला ओततात. ती विहीर पिण्याच्या पाण्याची आहे. हे कृपया बंद करा.

सगळं ठीक असूनही पाणी येत नसेल, तर दोरीला दगड बांधून पंपापासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला साधारण 34 फुटांचा स्तंभ पेलतो. घर्षण वजा जाता घरगुती पंपाला 25 फुटांच्या पुढे भरवसा नाही. पावसाळ्यात 12 फुटांवर असलेलं पाणी मे महिन्यात 30 फुटांवर गेलं, तर कितीही वेळा भरा, पंप उचलणार नाही. जास्त हॉर्सपॉवरची मोटर घेऊनही फरक पडत नाही, तो खर्च वाया जातो. तिथे पाण्यात राहणारा ओपनवेल पंप लागतो. कोरडा पंप मात्र मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नका. आतलं सील पाण्यानेच थंड राहतं, ते तापून फुटतं.

पाऊस सुरू होण्याआधी एक काम करून घ्या. लोखंडी पाइप बदलायला झाला असेल, तर काळा प्लॅस्टिकचा घाला आणि फूटव्हॉल्व्हला जाड नायलॉनची दोरी बांधून तिचं दुसरं टोक काठावर पक्कं करा. पुढच्या वेळी पंपाकडचा सांधा सोडून दोघांनी कठड्याबाहेर उभं राहून सगळं वर ओढून घेता येईल.

आणि कुणी खाली बेशुद्ध पडलंच, तर मागोमाग उतरू नका. 112 ला फोन करा, आरडाओरडा करून माणसं जमवा, कमरेला दोर असेल तर वरूनच ओढा.