दालचा, वापरलेला शरारा आणि इज्जत

"दोनों कमाते, और वलीमे में दालचा!"

माझ्या मुलाच्या वलीम्यात हात धुता धुता एक चाची दुसरीला म्हणाल्या. मी टॉवेल घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. थोड्या वेळाने कुणाला तरी कळलं की सुनेच्या अंगावरचा शरारा तिच्या मोठ्या आपाचा आहे, तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातला. मग तर बोलायला विषयच मिळाला. पुढच्या आठवड्यात तीन जणींनी मला फोन केले. तिघींचा प्रश्न एकच, "काही अडचण होती का?"

अडचण नव्हती. मी आणि माझे मिस्टर दोघंही शिक्षक आहोत, पगार वेळेवर होतात. अडचण नसताना आम्ही असं का केलं, ते सांगायला हे लिहिते आहे.

आधी हिशेब. दीडशे माणसांसाठी 18 किलो तांदूळ, हरभरा आणि तूर मिळून 9 किलो डाळ, 12 किलो दुधी, 12 किलो मटण, चिंच, मसाला, शेवटी दुधीची खीर. देगचं भाडं आणि गॅस धरून 18 हजार रुपये झाले. केटररने ताटाला 450 रुपयांप्रमाणे 67,500 सांगितले होते. सुनेचा शरारा कमरेत घालून, बाही उसवून पुन्हा शिवायला शिंप्याने 600 रुपये घेतले. मी सासूबाईंची इरकल नेसले होते. ती त्या माझ्या लग्नात नेसल्या होत्या.

घरी स्वयंपाक म्हणजे बायकांची मरमर, हा आक्षेप मला आधीच ठाऊक होता आणि तो खरा आहे. म्हणून पहिली अट मीच घातली होती की देगला बायका हात लावणार नाहीत. शेजारच्या एका चाचांनी आयुष्यभर बावर्चीकाम केलं आहे. ते खुर्ची टाकून बसले आणि हुकूम सोडत राहिले. कांदे माझ्या दोन भावांनी चिरले, दुधी नवरदेवाने सोलले. चाचांची मजुरी त्या 18 हजारांतच आहे. बचत करायची आणि तिचा भार घरातल्या बाईच्या पाठीवर टाकायचा, ही बचत नव्हे.

आता माझा गुन्हा सांगते. 2016 साली मोठ्या मुलीच्या लग्नात मी हे सगळं उलट केलं होतं. हॉल, दोन प्रकारची बिर्याणी, आइस्क्रीमचा काउंटर, मुलीला तीन भारी जोड. कर्ज काढलं आणि 2021 पर्यंत हप्ते भरले. ते तीन जोड प्रत्येकी एकदा घातले गेले आणि ट्रंकेत गेले. त्या लग्नात मला कुणी विचारलं नाही, "काही अडचण आहे का?" अडचण तेव्हा होती.

मुलाच्या वेळी आम्ही समधींना सांगितलं, निकाहाला फक्त खजूर आणि शरबत ठेवा, जेवण आमच्याकडे वलीम्याला. ते टेम्पो चालवतात. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं साधं चालतं. आमचं साधं म्हणजे गरिबी दिसते." त्यांनी पतसंस्थेत दीड लाखाचा अर्ज आधीच भरून ठेवला होता.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या जलशांतून साधेपणाचे उपदेश होतात. फजूलखर्ची हराम आहे, असं मौलाना सांगतात, समोर बसलेला हमाल, रिक्षावाला, विडी कामगार मान डोलावतो आणि घरी जाऊन कर्ज काढतो. तो अडाणी आहे म्हणून नाही. त्याला माहीत आहे की जलशाच्या पहिल्या रांगेत बसलेल्यांच्या लग्नात काय झालं. गरिबाला साधेपणा परवडत नाही. तो परवडेल असा करायचा असेल, तर ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी साधं व्हावं लागेल. आम्ही समधींना दहा वेळा सांगून जे झालं नाही, ते वलीम्याला दालचाच आहे हे कळल्यावर झालं. त्यांनी अर्ज मागे घेतला.

दीनचा दाखला हवा असेल, तर तोही पाहा. सहीह बुखारीत हजरत आयेशा (रजि.) यांची आठवण आहे. त्यांच्याकडे जाड्याभरड्या कापडाचा, पाच दिरहम किमतीचा एक पोशाख होता. प्रेषितांच्या (स.) काळात तसाच एक त्यांच्यापाशी असे, आणि मदिनेत कुणा बाईला नटवायचं असलं की तो त्यांच्याकडून मागून नेत. म्हणजे प्रेषितांच्या घरातला एकच पोशाख गावातल्या नवऱ्यांच्या अंगावर फिरत होता. खुद्द हजरत आयेशांनी बहीण अस्मा (रजि.) यांचा हार मागून घातला होता. प्रवासात तो हरवला, आणि त्या शोधाच्या प्रसंगीच तयम्मुमची आयत उतरली. मागून घातलेल्या दागिन्याची लाज त्या घराला वाटली नाही, आपल्याला वाटते.

खैबरहून परतताना हजरत सफिया (रजि.) यांचा वलीमा झाला. रोटी नव्हती, गोश्त नव्हतं. चामड्याचं दस्तरखान अंथरलं, लोकांनी आपापल्याकडचं खजूर, सुकवलेलं दही, तूप आणून टाकलं, आणि तोच वलीमा. वलीम्याचं वाईट जेवण कोणतं, तेही प्रेषितांनी सांगून ठेवलं आहे. ज्याला श्रीमंतांना बोलावतात आणि गरिबांना वगळतात ते. 450 रुपयांचं ताट ठरलं की पहिली कात्री कुणाच्या नावावर चालते, हे यादी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आमच्या दीडशेत गल्लीतलं एकही घर सुटलं नाही.

यावर शिकलेले लोक दुसरी हदीस काढतात, की अल्लाहला आपल्या बंद्यावर त्याच्या नेमतीची खूण दिसलेली आवडते. बरोबर. स्वच्छ, नेटकं, सुंदर राहा. पण सुंदर आणि महाग यांत फरक आहे. सून त्या शराऱ्यात सुंदर दिसत होती. तो कुणाचा आहे हे कळेपर्यंत त्या चाचीही तेच म्हणत होत्या.

आणि एक गंमत पाहा. नवरदेवाची शेरवानी आजकाल सर्रास भाड्याने आणतात. आधी दहा जणांनी घातलेली असते, तिची कुणाला लाज वाटत नाही, कारण दुकानाला पैसे मोजलेले असतात. सख्ख्या बहिणीचा शरारा मात्र 'उतरलेला'. म्हणजे लाज जुन्या कपड्याची नाहीच, पैसे न मोजल्याची आहे.

मोहल्ल्यातल्या शिक्षक, डॉक्टर, वकील, ठेकेदार आणि जमातीच्या जबाबदारांना माझं सांगणं आहे. वर्षभर गरिबांना उपदेश बंद करा. घरात येणारा पुढचा वलीमा एका देगचा करा, मुलीच्या बापाकडे जेवण मागू नका, आणि ही गोष्ट लपवू नका, दावतनाम्यातच लिहा. दुसरं, प्रत्येक घराच्या ट्रंकेत एकदा घातलेला एखादा जोड पडून आहे. तो बाहेर काढा. ज्याला हवा त्याने न्यावा, धुऊन परत करावा. माझ्या मुलीचे तिन्ही जोड मी इस्त्री करून ठेवले आहेत.

फक्त ते मागायला पहिलं घर पगारदाराचं आलं पाहिजे. गरीब घर आधी आलं, तर तो जोड खैरात होईल, आणि मग कुणीच नेणार नाही.